खोली कोणाची, खुर्ची कोणाची

1931 साली लंडनमधला एक तरुण इंजिनिअर आपल्या होणाऱ्या बायकोला घेऊन सिनेमाला गेला. बोलपट तेव्हा नवे होते. पडद्यावरचा नट डावीकडून उजवीकडे चालत गेला तरी त्याचा आवाज आपला एकाच जागेवरून येत होता. इंजिनिअरला ते खटकलं. आवाज माणसाच्या मागोमाग सरकेल अशी युक्ती आपल्याला सुचली आहे, असं त्यानं शेजारी बसलेल्या तिला सांगितलं, अशी आठवण त्याच्या चरित्रात नोंदवलेली आहे. त्याचं नाव अ‍ॅलन ब्लूमलाइन, तिचं डोरीन. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यानं पेटंटचा अर्ज केला आणि आज आपण ज्याला स्टिरिओ म्हणतो त्याचा पाया घातला गेला. ब्लूमलाइनला स्वतःला त्याचा प्रसार पाहायला मिळाला नाही. 1942 मध्ये रडारच्या चाचणीसाठी गेलेलं विमान कोसळून तो 38 व्या वर्षी गेला. स्टिरिओ तबकड्या दुकानांत यायला 1958 साल उजाडावं लागलं.

स्टिरिओची कल्पना ऐकणाऱ्या पहिल्या माणसांत शेजारच्या खुर्चीतली डोरीन होती. पण हे तंत्र घरात आलं तेव्हा शेजारच्या खुर्चीलाच त्यानं गैरसोयीचं करून टाकलं. महागड्या ध्वनियंत्रणेच्या हौसेवरून घराघरात जी कुरबूर चालते, तिचं मूळ मला इथं दिसतं. ही कुरबूर नेहमी पैशाची म्हणून सांगितली जाते, नाहीतर हॉलमध्ये उभ्या राहिलेल्या दोन काळ्या खोक्यांची म्हणून. पैसा आणि खोकी दोन्ही खरी आहेत आणि त्यांच्याकडे आपण वळणारच आहोत. पण त्याच्याआधी ध्वनीची भूमिती बघायला हवी. घरातल्या एकाला स्वर्ग आणि दुसऱ्याला त्रास, अशी वाटणी ती आधीच करून ठेवते.

स्टिरिओचं गणित समभुज त्रिकोणाचं आहे. दोन कोपऱ्यांवर दोन स्पीकर, तिसऱ्या कोपऱ्यावर ऐकणारा. दोन्ही पेट्यांमधून एकच आवाज एकाच क्षणी कानावर आला की मेंदू तो आवाज मधल्या रिकाम्या जागेत उभा करतो. हौशी माणसं ज्या जादूविषयी तासन् तास बोलतात ती हीच. यंत्रं दोन बाजूंना आणि गायक मधोमध, जणू समोर बैठकच मांडली आहे. मात्र ऐकणारा जरा बाजूला सरकला की एका पेटीचा आवाज आधी पोचतो आणि दुसरीचा मागून. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढा झाला तरी कान आधी आलेल्या आवाजावर विश्वास ठेवतो आणि गायक उचलून त्या पेटीत जाऊन बसतो. हजाराव्या भागात ध्वनी सुमारे 34 सेंटिमीटर जातो. आता सोफ्यावरची जोडी डोळ्यांसमोर आणा. पेट्यांमध्ये 2.4 मीटर अंतर आहे आणि एकजण बरोबर मधोमध बसला आहे. त्याच्या शेजारी, 60 सेंटिमीटरवर बसलेल्या माणसाच्या दृष्टीनं दोन पेट्यांच्या अंतरात जवळजवळ 59 सेंटिमीटरचा फरक पडतो. मधलं चित्र मोडायला तेवढा पुरून उरतो.

हे घरी करून बघता येतं. बालगंधर्वांचं किंवा हिराबाई बडोदेकरांचं जुनं नाट्यपद लावा. ही ध्वनिमुद्रणं मोनो, म्हणजे दोन्ही पेट्यांतून तंतोतंत सारखाच आवाज येणार. मधोमध बसल्यावर गळा समोरच्या भिंतीपाशी हवेत उभा राहतो. आता नुसते हातभर बाजूला सरका. गळा घसरत घसरत जवळच्या खोक्यात शिरतो आणि पलीकडचं खोकं गप्प झाल्यासारखं वाटतं. मग जोडीदाराला मधोमध बसवा आणि तुम्ही त्याच्या नेहमीच्या जागी बसा. इतकी वर्षं ‘बघ, काय सुंदर वाटतंय’ असं आपण ज्याला विचारत होतो, त्याला ते सुंदर ऐकूच येत नव्हतं, हे तिथं बसल्यावरच समजतं.

स्वयंपाकघरातली गोष्ट आणखी वेगळी. भिंत सगळे आवाज सारखे अडवत नाही. कंपनसंख्या दुप्पट झाली की साधी भिंत ढोबळमानानं 6 डेसिबल जास्त अडवते, म्हणजे उंच सूर अलीकडे अडकतात आणि खर्ज पलीकडे जातो. हॉलमध्ये तबल्याची साथ रंगलेली असते तेव्हा भिंतीपलीकडच्या ओट्यापाशी काय पोचतं? डग्ग्याचा घुमारा पोचतो, चाटेवरचा टणत्कार पोचत नाही. तानपुऱ्याची जवारी तर संपूर्ण उंच स्वरांशांची, ती दाराशीच विरते. गाण्यातले शब्द ज्या व्यंजनांनी कळतात ती साधारण दोन ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात असतात, तीही गळून जातात. उरतो एक बिनचेहऱ्याचा ढुम्म ढुम्म. आत बसलेल्याला संगीत आणि बाहेर उभ्या असलेल्याला धक्के, असे एकाच तबकडीतून दोन वेगळे आवाज निघतात. ‘किती मोठ्यानं लावलंय’ या तक्रारीवर ‘अगं, अजिबात मोठं नाहीये’ असं उत्तर येतं तेव्हा दोघंही खरं बोलत असतात.

त्यात आवाज कमी ठेवणं हौशी माणसाला खरंच जड जातं. 1933 मध्ये बेल लॅबोरेटरीजमधल्या हार्वी फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी दाखवून दिलं की आवाज एकूणच हळू झाला की कानाला खर्ज इतर सुरांपेक्षा जास्त वेगानं कमी जाणवतो. मूळ मैफलीत जेवढा आवाज होता त्याच्या आसपास गेल्याशिवाय गाण्याचा तोल जमत नाही. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवर ‘लाउडनेस’ नावाचं बटण असायचं ते यासाठीच. हळू ऐकताना ते खर्ज वाढवून द्यायचं. पुढे शुद्धतेच्या आग्रहापायी महाग यंत्रांनी ते बटण काढून टाकलं. माझ्या मते घरातल्या शांततेच्या दृष्टीनं ही चूक झाली.

आणखी एक गोष्ट हौशी माणसाच्या लक्षात येत नाही. ही हौस पलीकडच्या खोलीत गाणं म्हणून ऐकू येतच नाही. नवी वायर आली, सुई बदलली, पेट्या चार बोटं मागे सरकवल्या, की एकच तीस सेकंदांचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजतो. लावायचा, उठायचं, मागची जोडणी बदलायची, पुन्हा तोच तुकडा. घरातल्या दुसऱ्या माणसाला त्या गाण्याचा अंतरा महिनोन् महिने ऐकायला मिळत नाही. ज्याला गाण्याची आवड आहे त्याला तर हे अधिकच टोचतं.

सुरुवात मात्र अशी नव्हती. ग्रामोफोनची पहिली चाळीसेक वर्षं दिवाणखान्यात आणि सगळ्या कुटुंबात गेली. 1906 मध्ये अमेरिकेतल्या व्हिक्टर कंपनीनं व्हिक्ट्रोला काढला. बाहेर डोकावणारा मोठा कर्णा त्यांनी लाकडी कपाटाच्या पोटात दडवला. किंमत होती 200 डॉलर. यंत्र दिसू नये, फर्निचर दिसावं, हा हेतू होता, कारण दिवाणखान्यात काय यावं हे घरातली बाई ठरवते हे विक्रेत्यांना पक्कं ठाऊक होतं. रेडिओही कपाट होऊनच आला. एका पेटीतून आवाज येत असल्यानं कुठंही बसा, सारखंच ऐकू यायचं. आपल्या चाळीत एका बिऱ्हाडातला रेडिओ सगळा मजला गॅलरीत उभा राहून ऐकायचा, तो याच गुणामुळे. मोनोला खास जागा नव्हती.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटलं. रेडिओ आणि रडारचं काम शिकलेले हजारो तरुण सैन्यातून घरी परतले होते. त्यांच्या हातात कला होती आणि युद्धसाठ्यातले सुटे भाग स्वस्त मिळत होते. 1947 मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ या ब्रिटिश मासिकात विल्यमसन यांचा अ‍ॅम्प्लिफायर छापून आला आणि घरोघरी लोक तो बनवू लागले. 1948 मध्ये कोलंबियानं लाँग प्ले तबकडी आणली. यंत्र कपाटातून बाहेर पडलं. वायरी, व्हॉल्व्ह, उघडी चासी, वेगळा स्पीकर असा सगळा पसारा आला. हाय-फाय ही पुरुषाची गोष्ट झाली ती या दहा वर्षांत. कॅनडातले अभ्यासक कीर काइटली यांनी 1996 मध्ये ‘पॉप्युलर म्युझिक’ या नियतकालिकात 1948 ते 1959 या काळावर एक मोठा निबंध लिहिला. त्या काळातले लेख आणि व्यंगचित्रं बघून ते म्हणतात की नवऱ्यानं घरातल्या घरात स्वतःपुरता मुलूख आखून घेण्याचं हे साधन होतं. मोठा आवाज ही त्या मुलुखाची भिंत. त्या चित्रांतली बायको नेहमी कानांवर हात ठेवून उभी असते. तिला काय ऐकायला आवडतं, हे तिथं कुणी विचारत नाही.

जागेचा हिशेबही बघायला हवा. युद्धानंतर न्यूयॉर्कजवळ लेव्हिटटाउनमध्ये जी घरं झपाट्यानं उभी राहिली त्यातली पहिली घरं जेमतेम 750 चौरस फुटांची होती, आजच्या पुण्यातल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटएवढी. आणि त्या काळातला नावाजलेला स्पीकर म्हणजे आर्कान्सामधल्या पॉल क्लिप्श यांचा 1946 चा क्लिप्शहॉर्न. चार फुटांहून उंच, अडीच फूट रुंद, खोलीचा एक अख्खा कोपरा लागणारा. खोलीच्या भिंतींनाच तो आपला कर्णा बनवतो, त्यामुळे कोपरा सोडून दुसरीकडे ठेवायची सोय नाही. 1958 मध्ये स्टिरिओ आला आणि एका कोपऱ्याचे दोन झाले. ज्या घरात बाळाचा पाळणा कुठं ठेवायचा याचा विचार चालला होता त्या घरात.

एक गोष्ट इथं हौशी माणसाच्या बाजूनं सांगायला हवी. पेट्या मोठ्या होत्या त्या मिरवण्यासाठी नव्हत्या. 40 हर्ट्झच्या खर्जाची लहर साडेआठ मीटर लांब असते. तो खर्ज खोलीत भरायचा तर पुष्कळ हवा हलवावी लागते. लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या विजेत मोठा आवाज, या तिन्हींतल्या दोनच गोष्टी एका वेळी मिळतात. या नियमाला जोसेफ अँटन हॉफमन यांचं नाव आहे. 1954 मध्ये एडगर व्हिलचर आणि हेन्री क्लॉस यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजमध्ये तिसऱ्या गोष्टीवर पाणी सोडलं. त्यांची एआर-1 ही हवाबंद पेटी साधारण दोन फूट लांबीची, पुस्तकांच्या फळीवर आडवी बसेल अशी होती, आणि खर्ज कपाटाएवढ्या पेट्यांशी टक्कर देणारा होता. घराघरात स्टिरिओ शिरला तो याच कल्पनेच्या जोरावर. दोन कपाटं कुणी घरात घेतली नसती, दोन फळीपेट्या घेतल्या. पण सोडलेल्या तिसऱ्या गोष्टीची भरपाई करावी लागलीच. लहान पेट्यांना ताकद जास्त लागते, म्हणून अ‍ॅम्प्लिफायर मोठे आणि महाग होत गेले. जागा वाचली तिथं पैसा गेला.

पुढे ‘वाइफ अ‍ॅक्सेप्टन्स फॅक्टर’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. ‘स्टिरिओफाइल’ मासिकात 1983 मध्ये लॅरी ग्रीनहिल यांनी तो छापला आणि त्याचं श्रेय आपले सहकारी समीक्षक लुइस लिपनिक यांना दिलं. लिपनिक हे वॉशिंग्टनच्या नॅशनल सिंफनी ऑर्केस्ट्रात कॉन्ट्राबसून वाजवणारे. वस्तू बायकोला किती पसंत पडेल याचं हे माप. आजही ते वापरलं जातं. मला ते मनापासून खटकतं. त्यात बायको म्हणजे ओलांडायचा अडथळा ठरते, कान असलेलं माणूस उरत नाही. त्याहून कितीतरी शहाणं उत्तर लिपनिक यांच्याच घरातून आलं. त्यांच्या पत्नी, अभिनेत्री लिन-जेन फोरमन यांनी ‘मॅरेज इंटरफिअरन्स फॅक्टर’ असं उलटं माप काढलं. हौस संसारात किती आड येते ते मोजायचं आणि नवऱ्यानं यंत्रावर जेवढा खर्च केला तेवढाच बायकोच्या आवडीवर करायचा, ऑपेराची तिकिटं असोत, दागिना असो की परदेशची सहल. त्या मापात पैशाच्या पोटातला खरा प्रश्न बरोबर पकडलेला आहे. घरातल्या दुसऱ्या माणसालाही एक हौस असते आणि तिच्यासाठी कधी पैसे उरत नाहीत.

पैशाचं टोक किती लांब जातं? विल्सन ऑडिओ या अमेरिकी कंपनीनं 2017 मध्ये आणलेल्या एका स्पीकर जोडीची किंमत 6,85,000 डॉलर होती. नुसती जोडी, बाकी यंत्रं वेगळी. एवढं घेणारे विरळा. पण दोन-तीन लाखांची यंत्रणा आता मुंबई-पुण्याच्या नोकरदार घरांतही दिसते आणि तिथं आकड्यापेक्षा आकडा कसा कळला हे जास्त बोचतं. खोकं ऑफिसच्या पत्त्यावर मागवायचं, जुन्यासारखीच दिसणारी नवी वस्तू गुपचूप त्याच जागी ठेवायची, किंमत विचारली तर निम्मी सांगायची. या मंडळींत एक विनोद जगभर चालतो, की मी मेल्यावर बायकोनं हे सगळं मी तिला सांगितलेल्या किमतीला विकू नये म्हणजे मिळवली. हसून सोडून देण्यासारखं ते नाही. ज्या दिवशी खरंच ती वेळ येते त्या दिवशी घरातल्यांना कशाला किती मोल आहे याचा पत्ता नसतो. वाटेल त्या भावानं माल जातो आणि वर फसवणूक कळते ती कळतेच. खरेदीच्या पावत्या आणि प्रत्येक वस्तूची आजची किंमत लिहिलेला एक कागद घरात दोघांना ठाऊक असलेल्या जागी असला पाहिजे. हौसेला मोल नाही म्हणतात, पण घराला ते द्यावं लागतं.

या बाबतीत केन फ्रिट्झ यांचं उदाहरण डोळ्यांसमोरून हलत नाही. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात रिचमंडजवळ राहणारा हा फायबरग्लासचा व्यावसायिक. जगातली सर्वोत्तम ध्वनियंत्रणा स्वतःच्या हातांनी उभारायची या ध्यासानं त्यांनी जवळपास 27 वर्षं काम केलं. घराचा दिवाणखाना वाढवून त्याचं संगीतगृह केलं, माणसापेक्षा उंच स्पीकर स्वतः बांधले, काही शे किलो वजनाचं टर्नटेबल स्वतः घडवलं. सुट्टीच्या दिवशी मुलं त्याच कामाला जुंपली जायची. खर्च दहा लाख डॉलरच्या घरात गेला असं सांगतात. त्यांच्यावर माहितीपट निघाला आणि त्यांच्या मृत्यूनंतर, 2024 च्या जानेवारीत, ‘वॉशिंग्टन पोस्ट’नं त्यांची सविस्तर कहाणी छापली. पहिला संसार मोडला होता. एका मुलाशी तुटलं ते तुटलंच. 2022 मध्ये ते गेले, घर विकलं गेलं आणि यंत्रणा सुटी सुटी होऊन लिलावात गेली. हाती आले 1,56,800 डॉलर. त्यांच्या कारागिरीबद्दल मला आदरच वाटतो. इतक्या निष्ठेनं काही घडवणारी माणसं थोडी असतात. पण ती यंत्रणा त्या एका खोलीच्या आणि त्या एका माणसाच्या मापानं शिवलेली होती. दुसऱ्या कुणाला ती तशीच्या तशी घेताच आली नाही, कारण तिच्यात दुसऱ्या कुणाची जागा कधी धरलेलीच नव्हती.

अमेरिकेत निदान तळघर असतं, गॅरेज असतं. हौस तिकडे हलवता येते. जपानी घरात ते नाही. युद्धानंतरच्या जपानमध्ये खोल्या लहान, भिंती पातळ आणि परदेशी तबकड्या परवडण्याच्या पलीकडे. तिथं हौस घराबाहेर पडली. ‘जॅझ किस्सा’ म्हणतात त्या कॉफीच्या दुकानांत मालक मोठमोठे स्पीकर लावायचा आणि गिऱ्हाईक एका कॉफीवर दोन-दोन तास ऐकत बसायचं. काही ठिकाणी बोलायलाही बंदी. इचिनोसेकी गावातलं ‘बेसी’ 1970 पासून प्रसिद्ध आहे. कादंबरीकार हारुकी मुराकामी लेखक होण्याआधी असंच एक दुकान चालवायचे, 1974 पासून, पत्नी योको यांच्या बरोबरीनं. कर्ज दोघांचं, कष्ट दोघांचे, तबकड्या दुकानाच्या. मला हा तोडगा फार समंजस वाटतो. आपल्याकडे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून अ‍ॅम्प्लिफायरचे भाग आणून, चोर बाजारात तबकड्या धुंडाळून ज्यांनी हौस केली, त्यांना वन रूम किचनमध्येच ती मांडावी लागली. तिथं हॉल म्हणजेच बैठक, अभ्यासाची खोली आणि रात्रीची झोपायची जागा. त्रिकोणाचा तिसरा कोपरा बहुधा आजोबांच्या पलंगावर पडायचा. अशा घरात मधोमध खुर्ची मांडणं हे फर्निचर हलवण्यापुरतं नसतं. तेवढा वेळ घरातल्या इतरांनी खोली मोकळी करून द्यायची, असा त्याचा अर्थ होतो.

मग हेडफोन लावा, असा सल्ला लगेच येतो. 1979 मध्ये सोनीनं वॉकमन आणला तेव्हाची एक हकीकत इथं नेमकी बसते. सोनीचे अकिओ मोरिता नमुना यंत्र घरी नेऊन वेगवेगळं संगीत ऐकून बघत होते. त्यांच्या बायकोला आपण बाहेर ठेवले गेलो आहोत असं वाटू लागलं आणि ती वैतागली. मोरितांनी हे स्वतःच ‘मेड इन जपान’ या आत्मकथनात लिहून ठेवलं आहे. म्हणून पहिल्या वॉकमनला दोन हेडफोन लावायची सोय केली आणि एक नारिंगी बटणही ठेवलं. ते दाबलं की गाणं हळू होऊन आतल्या मायक्रोफोनमधून शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू यायचं. पण घेणाऱ्यांनी आपापला वॉकमन घेतला, आपापलं गाणं ऐकलं. ते बटण पुढच्या नमुन्यांतून गेलं. हेडफोननं भिंतीपलीकडचा ढुम्म ढुम्म थांबतो हे खरं, पण खोलीत बसलेला माणूस हाकेला ओ देत नाही आणि ही दुसरी तक्रार पहिलीपेक्षा सौम्य नाही.

आतापर्यंत मी नवरा हौशी आणि बायको त्रासलेली असंच धरून चाललो आहे, कारण या हौसेचा इतिहास तसा घडला. पण ते कानांचं किंवा स्वभावाचं सत्य नव्हे. 2014 मध्ये पॅनासोनिकनं टेक्निक्स हे बंद पडलेलं नाव पुन्हा उभं केलं ते मिचिको ओगावा यांच्या हाती. त्या ध्वनिइंजिनिअर आहेत आणि जॅझ पियानोवादकही. कॅलिफोर्नियातली मॅन्ली लॅब्ज ही व्हॉल्व्हच्या यंत्रांची कंपनी इव्हअ‍ॅना मॅन्ली चालवतात. वर ज्या विल्सन ऑडिओचा उल्लेख आला ती 1974 मध्ये डेव्ह विल्सन यांनी सुरू केली आणि पत्नी शेरिल ली तिच्या सहसंस्थापक. यंत्र बनवणाऱ्यांच्या घरात जोडीदार आत असतो. बाहेर राहतो तो घेणाऱ्यांच्या घरातला.

त्याला आत घेण्याची एक अगदी व्यवहारी वाट आहे. हौशी मंडळी मोठ्या अभिमानानं सांगतात, की नवी वायर लावल्याबरोबर स्वयंपाकघरातून बायकोनंच विचारलं, काही बदललंत का? वर पाहिलेल्या हिशेबानं स्वयंपाकघरात तो बारीक फरक पोचणं शक्य नाही. पण त्या गोष्टीत एक खरी कळ आहे. घरात असा एकच माणूस असतो ज्याला वायरीची किंमत माहीत नाही आणि ती आवडली पाहिजे अशी गरजही नाही. त्याच्या हाती अदलाबदल द्यावी. ऐकणाऱ्यानं खुर्चीत बसायचं, मागची जोडणी दिसेल अशी कुठलीही फट ठेवायची नाही, आणि जोडीदारानं नाणं उडवून जुनी की नवी ते ठरवायचं, कागदावर लिहायचं. दोन्हींचा आवाज मात्र तंतोतंत सारखा हवा, डेसिबलच्या एक-दोन दशांशांइतकासुद्धा फरक चालत नाही, कारण किंचित मोठं वाजणारं यंत्र कानाला नेहमी सरस वाटतं. असे पंधरा-वीस फेरे झाले की कागद बघायचा. नंतर जागांची अदलाबदल. स्पीकरमधला फरक बहुतेकांना चटकन कळतो. वायरीच्या बाबतीत कागद बहुधा नाणेफेकीइतकाच निकाल देतो आणि काही हजार रुपये घरातच राहतात.

दोन माणसांसाठी पेट्या लावायचीही एक रीत आहे. पेट्यांची तोंडं ऐकणाऱ्याच्या कानांकडे न रोखता आणखी आत वळवायची, इतकी की त्यांच्या सरळ रेषा सोफ्याच्या पुढेच एकमेकींना छेदून जातील. मग डाव्या अंगाला बसलेल्याकडे उजव्या, म्हणजे दूरच्या पेटीचं तोंड येतं आणि जवळची पेटी त्याच्यापासून फिरलेली राहते. दूरच्या पेटीचा आवाज उशिरा येतो पण जास्त जोरानं, आणि कान उशिराची भरपाई जोरानं काही अंशी करून घेतो. गायक कुणाच्याच खोक्यात न शिरता मधल्या बाजूला टिकतो. सोफा भिंतीपासून दोन-अडीच फूट पुढे ओढला तर आणखी बरं. सर्व बाजूंना सारखा आवाज टाकणाऱ्या पेट्यांवर हे नीट जमत नाही. आवाज मुख्यतः समोरच टाकणाऱ्या पेट्यांवर मात्र चांगलं जमतं, आणि त्याला एक पैसाही लागत नाही. मधोमध एकटा बसणाऱ्याला पूर्वी जे सुईच्या टोकाइतकं रेखीव चित्र मिळत होतं ते थोडं पसरतं. सरावलेल्या कानाला ते पहिले काही दिवस खुपतं, म्हणून तोंडं एकदम न वळवता रोज थोडी थोडी वळवावीत, आणि कुठं थांबायचं हे सोफ्याच्या दोन्ही टोकांना बसून दोघांनी ठरवावं.